मनगटावरची गत

कदम सर गेल्याचा फोन काकूंनी स्वतः केला. सकाळची वेळ, मी बँकेत होतो. "सुहास, हे गेले रे," एवढंच म्हणाल्या आणि लगेच, "काहीतरी खाऊन निघ. मुलुंडला यायला तुला दोन तास लागतील." बोरिवलीहून मुलुंडला दोन तास लागतात, हे कारण मी त्या घरात इतक्यांदा सांगितलं होतं की नवरा गेल्याच्या दिवशीही ते काकूंच्या तोंडी आलं...

सर टेलिफोन खात्यात नोकरीला होते. दर रविवारी सकाळी घरातल्या बाहेरच्या खोलीत तबला शिकवायचे. अकराव्या वर्षी मी त्यांच्याकडे जायला लागलो, तेव्हा आम्ही मुलुंडलाच राहत होतो. पहिले सहा महिने तबल्याला हात लावायचा नाही, नुसते बोल तोंडाने म्हणायचे. "तोंडात नाही आलं तर बोटात कुठून येणार रे?" वही तर दारातच ठेवायला लावायचे. एकदा मी मांडीखाली चिठ्ठी लपवली होती, ती त्यांनी ओढून काढली. "घरी जेवताना पण कागद बघून घास घेतोस काय?" सगळे हसले, मीही हसलो. आज बँकेतला कालचा आकडा मला आठवत नाही, पण लिफ्टची वाट बघताना त्या वयात घोटलेले बोल आपोआप जिभेवर येतात, एकही मात्रा इकडची तिकडे न होता. माझ्या आयुष्यात एवढं पक्कं कोणी काही शिकवलं नाही. आणि हे मी सरांना कधी सांगितलं नाही.

तबल्यात काही गतींना, म्हणजे बांधून ठेवलेल्या रचनांना, जोडा असतो. एक गत प्रश्न विचारल्यासारखी येते, दुसरी तिला उत्तर देते. अशी एक जोडी सरांना त्यांच्या गुरूंकडून मिळाली होती आणि ती दुसऱ्या कोणाकडे नव्हती. त्यातली पहिली गत त्यांनी मला कॉलेजात असताना दिली. "ही बसू दे, मग जोडा देतो," म्हणाले. ती बसायच्या आत मला नोकरी लागली, लग्न झालं, बोरिवलीला घर घेतलं. तबला कपाटावर गेला.

गेल्या वर्षी त्यांचाच फोन आला. "अरे साहेब, जोडा न्यायला कधी येतोस? की मी कुरिअर करू?" मी म्हटलं, "सर, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा ना, मी ऐकून बसवतो." ते म्हणाले, "आणि चुकलास तर टोकणार कोण? मोबाइल?" मी पुढच्या रविवारी नक्की येतो म्हटलं. त्या रविवारी गेलो नाही. त्यानंतरच्याही नाही... किती रविवार गेले ते आता मोजवत नाही.

मग त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हा मात्र मी गेलो, सफरचंदं घेऊन. सर कॉटवर होते. मला बघताच त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट ओढून घेतलं आणि त्यावर बोटं आपटायला लागले. "पाणी हवंय का सर?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा सुरुवातीपासून बोटं. "कूस बदलायची का?" डोळ्यांत राग आला, शाळकरी वयात मात्रा चुकल्यावर यायचा तसा. तिसऱ्यांदा सुरू झाले तेव्हा त्यांना धाप लागली होती. मी घाबरलो. त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हटलं, "शांत पडा सर, त्रास करून घेऊ नका." त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. पंधरा दिवसांनी ते गेले.

तेराव्याला काकूंनी मला बाजूला घेतलं. "हे माझ्याही हातावर वाजवायचे रे, सारखं तेच तेच. मला त्यातलं काय कळतंय! मी म्हटलं, सुहास आला की त्याला द्या. तू आलास त्यानंतर एकदाही वाजवलं नाही त्यांनी. मिळाला ना तुला जोडा?"

माझ्या मनगटावर काय चाललं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. आणि मी म्हटलं, "हो काकू, मिळाला."

त्यांचा चेहरा असा उजळला की खरं सांगायचं राहूनच गेलं. त्यांनी ते सगळ्या विद्यार्थ्यांना सांगितलं. गेल्या रविवारी त्यांनी बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली, तबल्यावरची खोळ काढली, चारपाच जणांना बोलावून घेतलं. मी पहिली गत म्हणून दाखवली, सगळ्यांनी माझ्यामागून म्हटली. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "आता जोडा दे त्यांना," म्हणाल्या. मी म्हटलं, "आधी ही बसू दे." सगळ्यांना वाटलं, अगदी सरांसारखाच बोलतोय. काकूंनी तर डोळ्यांना पदर लावला.

येत्या रविवारी ते सगळे पुन्हा येणार आहेत. काकू या पेपरची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. समोर बसून सांगायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून इथे लिहितो. काकू, सरांनी जोडा तीन वेळा दिला. मी त्यांचा हात धरून ठेवला.