पोळा फुटायच्या आधी

आमच्या मोहल्ल्यातली माणसं पोळ्याच्या तोरणात दरवर्षी उभी राहत, पण दुसऱ्यांचे बैल धरून. आमची स्वतःची जोडी तिथे कधी उभी राहिली नव्हती.

नंदनवनच्या पुढे, नव्या घरांचे लेआउट संपून शेतं सुरू होतात तिथलं आमचं गाव. आता ते नागपुरातच धरतात. सिटी बस येते, नवीन फ्लॅटमधली माणसं पोळा बघायला मोबाईल घेऊन येतात. मारुतीच्या देवळासमोरचं मैदान मात्र तसंच आहे, आणि त्यात कोण कुठे उभं राहणार हेही तसंच.

माझे सासरे मालकांकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेले गडी. उचल घेतली की तिच्यापायी साल, आणि ते साल संपलं की पुढचं. सासऱ्यांनंतर माझा नवरा. अशी माणसं बांधून ठेवणं कायद्याने केव्हाच बंद झालं होतं, पण आमच्या घरापर्यंत कायदा माझ्या लग्नानंतर आला. वस्तीत मीटिंग घेणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी नवऱ्याला तहसीलला नेलं, कागद झाला आणि तो सुटला. मला वाटलं, झालं, आता आपण सगळ्यांसारखे.

दोन एकर ठेक्याने घेऊन आम्ही वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावू लागलो. मग कुहीकडून बैलजोडी आणली. एक तांबडा, एक करडा. जोडी म्हणायची, पण एक उंच आणि एक ठेंगणा. सासू म्हणाली, "नवराबायको वाटून राहिले."

पोळा जवळ आला तसे एका सकाळी मालक स्वतः दारात आले. नवरा खाटेवर बसला होता, तो ताडकन उभा राहिला. मालक कधी मोठ्याने बोलत नाहीत. दाराआडून मला त्यांचं बोलणं नीट ऐकू येत होतं. जोडी छान घेतली म्हणाले. मग म्हणाले, "पोळा फुटल्यावर आण तुझी जोडी. कोण अडवते? अन् माझी जोडी तोरणात तूच धर. पहिला मान तुझाच राहील."

नवरा म्हणाला, "पाहतो जी."

आमच्याकडे देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सगळ्या जोड्या रांगेत उभ्या राहतात, मानाची गुढी वाजतगाजत येते, पहिली जोडी तोरणाखालून जाते आणि मागोमाग बाकीच्या. याला पोळा फुटणं म्हणतात. त्यानंतर मैदानात कोणीही यावं, शेळी घेऊन यावं. त्यामुळे मालकांनी काय देऊ केलं ते आम्हाला कळत होतं. रांगेत सगळ्यात पुढची जागा, पण बैल त्यांचे.

जेवताना नवरा म्हणाला, थोडं आधी काय, थोडं नंतर काय. मालकांची ती पांढरी जोडी त्याने गोऱ्हे असल्यापासून वाढवली होती, त्यांच्यावर त्याचा जीव होता. सासू म्हणाली, "चार पायाचे भेत नाहीत अन् दोन पायाचा भेऊन राहिला." मी घरातसुद्धा कमी बोलते, पण त्या दिवशी तोंडून निघालं, "मग जोडी घेतली काहून?"

ताट तसंच सोडून तो उठला.

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकतात. त्याने कोमट पाणी घेतलं, हळद आणि लोणी चोळलं आणि आमच्या बैलांच्या कानाशी म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उद्याचं मात्र मला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने जोडी सजवली आणि रांगेच्या शेवटी नेऊन उभी केली. आम्ही बाया देवळाच्या ओट्यावर होतो. त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याने आपली जोडी हळूच पुढे सरकवली आणि मध्ये मोठी जागा पडली. दोन माणसं येऊन त्याला काही बोलली. तो मान हलवत होता, "हव जी, हव जी," आणि जागेवरून हलत नव्हता. मग झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे पोळ्यात एकमेकांना टोमणा मारायचं गाणं. एकाने आमच्या जोडीकडे तोंड करून म्हटली:

"काल सुटला दाव्यातून, आज झाला राजा,
बैल कोणाच्या दमावर अन् कोणाचा हा बाजा."

शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव म्हणायचं असतं. नवऱ्यानेही म्हटलं. सासूने माझा हात धरला आणि धरूनच ठेवला.

गुढी निघाली तेव्हा लेआउटच्या पोरांनी मोठे स्पीकर सुरू केले. मालकांची पांढरी जोडी पुढे होती, तिला नवा सालदार धरून होता. कन्हानकडचा माणूस, बैलांना अजून त्याची ओळख नव्हती. एक बैल बिचकला, दुसरा फिरला. सालदार फरफटत गेला. लोक पळाले, लेकरं रडू लागली. मालकांनी मागे वळून पाहिलं आणि हात केला. "ये गा," एवढंच म्हणाले.

सगळं मैदान माझ्या नवऱ्याकडे पाहत होतं. तिकडे माणूस तुडवला जाईल, हे दिसत होतं. पण तो गेला असता तर आमच्या जोडीला धरणारं कोणी उरत नव्हतं, आणि माणसाशिवाय जोडी रांगेत धरत नाहीत. त्याने ओट्याकडे पाहिलं आणि मला हाक मारली.

बाई त्या रांगेत कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. मी दुकानात साखर मागतानाही दुसऱ्या बाईला पुढे करते. सासूने हात सोडला आणि मला पाठीत ढकललं. मी पदर डोक्यावर ओढून खाली उतरले. त्याने कासरा माझ्या हातात दिला आणि पळाला.

पुढची गर्दी इतकी होती की मला नुसत्या पाठी दिसत होत्या. स्पीकर बंद झाले. त्याची शीळ ऐकू आली, मालकांच्या बैलांसाठी तो पूर्वी वाजवायचा ती. मग शांत झालं. माझ्याजवळचा एक म्हातारा म्हणाला, "बाई, मांगं हो. जोडी बाजूले घे."

मी हलले नाही. हिंमत म्हणून नाही, पायच उचलेनात. आणि मनात एकच चालू होतं, आता तो तिकडचीच जोडी घेऊन तोरणाखालून जाईल. मालक सांगतील आणि तो जाईल, अंगवळणी पडलंय तसा निघून जाईल. हर हर महादेव झालं. पहिली जोडी गेली. मला दिसलं नाही कोणी नेली ते. पुढच्या जोड्या सरकू लागल्या.

तेवढ्यात तो शेजारी आला. घामाने भिजलेला, सदरा खांद्यावर फाटलेला.

मी विचारलं, "कोणं नेली?"

"मालकानं. मी त्याहीच्याच हातात कासरा देल्ला. म्हटलं, बैल तुमचे हायेत, तुम्ही धरा." मग हळू आवाजात म्हणाला, "हात थरथर कापून राहिले होते वं त्याहीचे."

त्याने कासरा घ्यायला हात पुढे केला. म्हातारा आमच्याकडे पाहत होता, आणखी चारपाच जण थांबले होते. नवऱ्याने हात मागे घेतला. म्हणाला, "राहू दे. तूच चाल."

तांबड्याने ओढ घेतली आणि आम्ही तोरणाखालून गेलो. पानं इतकी खाली लोंबत होती की माझा पदर सरकला. तो सावरायला हात मोकळा नव्हता.

तिसऱ्या दिवशी शेताकडे गेलो तर मालकांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाणाऱ्या वाटेवर काटेरी तार होती. तेव्हापासून भाजी नाल्याच्या बाजूने डोक्यावर आणतो, बैलबंडी तिकडून जात नाही. ताई म्हणतात अर्ज करू, करतोही आहोत. नवरा कधी चिडून म्हणतो, मालकाचा कासरा मुकाट धरला असता तर वाट राहिली असती. त्याचं खोटं नाही.

पण यंदा मोहल्ल्यातल्या एकाने गोऱ्हे विकत आणले आहेत. काल त्याची बायको आमच्या दारात येऊन बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. निघताना तिने खालच्या आवाजात विचारलं, तोरणात उभं राहायला किती लवकर जावं लागते.

मी तिला सांगितलं, उन्हं उतरायच्या आधी.