ओढायचं जाळं

नळदुर्गच्या नदीकाठी जाळी विणणारे ते मामा हातातली गाठ पुरी झाल्याशिवाय कुणालाच उत्तर देत नसत. तहसीलदार आला तरी त्याला थांबावं लागे. मला ते सोयीचं होतं. मलाही बोलायला वेळ लागतो.

निजामी राज्याची ती शेवटची वर्षं. पाद्रीसाहेब शुभवर्तमानाचा मराठी तर्जुमा करत आणि मी त्याची स्वच्छ प्रत काढत असे. स्वर्गाचं राज्य सगळ्या जातींचे मासे गोळा करणाऱ्या जाळ्यासारखं आहे, हा दृष्टांत आला. साहेबांनी तिथं 'फेकायचं जाळं' लिहिलं होतं. मूळ ग्रीक शब्द 'सागेने'. कोशात त्याचा अर्थ होता ओढायचं लांब जाळं. दुसऱ्या दिवशी कागद छापखान्यात जाणार होते आणि साहेबांची चूक काढायची माझी छाती होत नव्हती. मी मामांना दृष्टांत वाचून दाखवला.

गाठ पुरी झाली. "फेकायचं जाळं येकट्याचं असतंय, बाई. त्यात सम्द्या जातीचे मासे कुठनं येत्याल?" त्यांनी लांब जाळ्याची दोरी माझ्या हातात दिली. "वढा. आमचं आख्खं घर वढतंय, तुमी काय पाव्हण्या हाव?"

आम्ही दहाजणांनी जाळं काठावर आणलं. मरळ, झिंगे, खेकडे, शेवाळ, सगळं एकत्र आलं होतं. मामा निवडायला बसले. "सायबाला तुमीच सांगा. माझं त्ये ऐकनार न्हाईत."

सकाळी मी साहेबांपुढे उभी राहिले. "हा शब्द चुकलाय, साहेब."

"कशावरून?" त्यांनी कोशाकडे हात नेला.

मी दोरीनं सोललेला तळहात टेबलावर ठेवला.