बाहुलीच्या कानातलं तेल

डॉ. कुमुदिनी ताठे यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द लिहा, असं गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला सांगितलं. बाई चार शब्दांत मावतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाईंच्या दवाखान्यात एक सकाळही काढलेली नाही. मी तिथं अख्खी नोकरी काढली, म्हणून थोडी जागा जास्त खाणार आहे.

मी मूळची दिंद्रुडची. नर्सिंग पुरं करून नांदूरघाटला बाईंकडं पहिल्यांदा गेले, तेव्हा टेबलावर एक कापडी बाहुली होती आणि शेजारी तेलाची वाटी. मला वाटलं, कुणाचं तरी पोर विसरून गेलं. समोर एक लेकुरवाळी बसली होती. तिच्या बाळाचा कान तिसऱ्यांदा वाहत होता आणि कानात आम्ही काहीच घालत नाही, असं ती शपथेवर सांगत होती. बाईंनी बाहुली तिच्या मांडीवर ठेवली आणि घरी न्हाऊ घालता तशी घाला म्हणाल्या. तिनं टाळू भरली, हातपाय चोळले, आणि बोलता बोलता बोटं वाटीत बुडवून बाहुलीच्या कानात तेल सोडलं. ती गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "विचारलं की बाया मला आवडेल तेच सांगतात. हातांना तेवढं सुचत नाही."

आमच्या भागात लेकरांचा कान फुटणं म्हणजे दात येण्यासारखंच धरतात. सर्दी होते, नाकातलं आत कानात उतरतं, पोर रात्रभर कान ओढत रडतं, मग कान वाहतो आणि रडणं थांबतं. रडणं थांबलं की औषधही थांबतं. महिनाभरानं पुन्हा तेच. बाळाला आडवं निजवून बाटली तोंडात देऊ नका, चुलीच्या धुरापासून लांब ठेवा, बरं वाटलं तरी औषध पुरं करा, हे बाई इतक्या वेळा सांगत की मला झोपेतही म्हणता येईल. तेलाला मात्र त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत. ते काम माझ्याकडं होतं आणि मी ते मन लावून करत असे. बाई नुसत्या माझ्याकडं बघत, की मी गप्प.

आता दुर्गाची गोष्ट सांगते, कारण बाई म्हटलं की मला तीच आठवते.

दुर्गा तेव्हा दीड वर्षांची. तिची आई संगीता आणि आजी गयाबाई तिला घेऊन आल्या तेव्हा टोळीचा ट्रक फाट्यावर उभा होता. त्याच दुपारी सगळ्यांना ऊसतोडीला निघायचं होतं. गयाबाईंनी दारातूनच सांगितलं, कान फुटलाय, थेंब द्या, वाटंनं घालू. मी पोरीच्या डोक्यावरचं कुंचडं काढलं. कानामागं लालभडक सूज होती, कान पुढं लोटला गेला होता, अंग तव्यासारखं तापलं होतं. पोर रडतही नव्हती.

बाईंनी एकदाच बोट लावून पाहिलं. पू कानामागच्या हाडात गेलाय, इथून मेंदू लांब नाही, आजच्या आज अंबाजोगाईला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. संगीता नुसती सासूकडं बघत राहिली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको मागं राहिली तर जोडी मोडते आणि मुकादम दोघांनाही घेत नाही. बाहेर मुकादमाचा माणूस दोनदा आवाज देऊन गेला. गयाबाई म्हणाल्या, आमची चार लेकरं अशीच वाढली, कान वाहिला म्हणून कुणी मेलं नाही. आणि पदराच्या गाठीतून तेलाची बाटली काढली.

मला इतका संताप आला की ती बाटली हिसकावून फेकावीशी वाटली. बाईंनी माझा दंड धरला. ट्रकचा हॉर्न वाजत होता, पोर मलूल पडत चालली होती, आणि बाईंनी कान तपासायची बॅटरी गयाबाईंच्या हातात दिली. मला बसवलं आणि आधी माझ्या कानात बघायला लावलं. गयाबाई म्हणाल्या, आत पांढरा पापुद्रा हाय, चमकतोय. मग दुर्गाच्या कानात. त्या बराच वेळ वाकून होत्या.

"हितं पापुद्राच न्हाई," त्या म्हणाल्या. "नुसतं तेल आन् पू."

"पडद्याला भोक पडलंय, आजी. वरून घातलेलं सगळं आत जातंय."

गयाबाई खाली बसल्या. "माझ्याच हातानं केलं का गं, बाई?"

"कान आधीपासून दुखत होता. हातांना कुणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही डोळ्यांनी बघितलंय."

गयाबाई उठल्या त्या थेट फाट्यावर. आम्ही पोरीला घेऊन बाईंच्या गाडीत बसत होतो, तेव्हा त्या मुकादमापुढं उभ्या होत्या. सुनेच्या जागी मी येते, लेकाबरोबर कोयता मी धरते, एवढंच त्यांनी सांगितलं. म्हातारीला काय जमणार, म्हणून मुकादम हसला. त्या ट्रकमध्ये चढून बसल्या आणि उतरल्याच नाहीत.

अंबाजोगाईला बाई शस्त्रक्रिया होईपर्यंत संगीताशेजारी बाकावर बसून राहिल्या. पोर वाचली. पण त्या कानानं ऐकू येईल की नाही, हे तिथले डॉक्टरही सांगेनात.

हंगाम संपल्यावर गयाबाई घरीही न जाता सरळ दवाखान्यात आल्या. हातांना भेगा, चेहरा काळवंडलेला. बाईंनी दुर्गाला पाठमोरी बसवलं, तिचा चांगला कान आपल्या तळव्यानं घट्ट झाकला आणि गयाबाईंना मागून हळू हाक मारायला सांगितलं. गयाबाई भिंतीला टेकल्या. "मला न्हाई जमायचं. वळली न्हाई तर?"

"तरीही तुम्हीच मारा," बाई म्हणाल्या.

इतका बारीक आवाज मी गयाबाईंचा कधी ऐकला नव्हता. त्यांनी हाक मारली. पोरीचं काही हललं नाही. बाईंनी खुणेनं पुन्हा म्हटलं. दुसऱ्या हाकेला दुर्गा बाईंचा हात ढकलून मागं वळली आणि आजीकडं बघून हसली. मी त्या दिवशी पहिल्यांदा बाईंना रडताना पाहिलं. मीही रडले, लपवत नाही.

बाहुली अजून टेबलावर आहे. नव्या सुना लेकरं घेऊन आल्या की गयाबाई स्वतः येऊन बसतात आणि बाहुलीच्या कानाजवळ कुणाचा हात गेला, की तो धरतात.

बाई, पंचाहत्तरी ही काही थांबायची जागा नव्हे. तुमचे गुडघे, तुमचे डोळे आणि विशेषतः तुमचे कान ठणठणीत राहोत. दवाखान्याच्या दारातून अजून पुष्कळ आया तुम्हाला हाक मारणार आहेत. तुम्ही वळत राहा.