विहाराचा डोंगर आणि पाहुण्यांचा कप

अजिंठा-वेरूळ सगळेच करतात. आपल्याच परभणी जिल्ह्यात, जिंतूरकडच्या डोंगरावर एक बौद्ध विहार आहे, तो किती जणांनी पाहिलाय? मीही पाहिला नव्हता. नामांतराचं आंदोलन चालू होतं त्या वर्षांतली गोष्ट. मी सेलूला मास्तर होतो. विहारामुळे डोंगरावरचं ते गाव पर्यटनस्थळ होणार, चार घरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघणार, असं कानावर आलं आणि दिवाळीच्या सुट्टीत निघालो.

सेलूहून जिंतूरला एसटी, पुढे जीप. आत बाराजण, टपावर आणखी; टपाचं भाडं कमी. पायथ्याशी डांबर संपलं, तिथून तासभर चढ. वाटेत पाणी कुठेच नाही, तेव्हा सोबत घेतल्याशिवाय निघू नका.

पहिली खोली गंगाबाईंची, म्हणजे गावच्या पाटलांच्या भावजयीची. भिंतीला ताजा चुना, पिठलं-भाकरी झकास. चहा मात्र ओसरीच्या कोनाड्यातल्या कपातून आला. हा कप आमच्या बौद्धवस्तीत जन्मलेल्या कुणालाही ओळखू येतो. तो कधीच घरात जात नाही. यांना माझं आडनाव कळलेलं दिसतं, असं वाटलं आणि कप तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात खोल्यांची यादी करायला तालुक्याचे साहेब आले. पातळ सदऱ्यातून जानवं दिसत होतं. त्यांनाही कोनाड्यातलाच कप! ते मजेत प्याले आणि विहाराकडे गेले. मी चक्रावून गंगाबाईंना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "पाव्हण्याला जात इचारायची न्हाई, असं सायबानंच सांगितलं. मग आमी समद्यायचेच कप भाईर ठिवले. आता कुनाला राग यायचं कामच न्हाई."

हसावं की रडावं, कळेना.

वर विहार छोटासा, पत्र्याचा. पण दारात उभं राहिलं की लांबवर येलदरी धरणाचं पाणी दिसतं. चढ वसूल होतो. शेजारी कौसाबाईंचं घर. विहार झाडणं, भंतेजींना बाराच्या आत जेवू घालणं, आल्यागेल्याला पाणी देणं, सगळं त्याच करत. एक खोली त्यांनीही सारवून ठेवली होती. मी पोचलो तेव्हा साहेब त्यांना समजावत होते, की तुमच्याकडे उतरायला लोक कचरतील, तुमचं नाव यादीत नको.

"विहार बघायला येनारं मानूस माज्याकडं कामून कचरंल, सायेब?" कौसाबाई म्हणाल्या. साहेबांनी पेन खिशात ठेवलं, नाव काही लिहिलं नाही.

मला राहवलं नाही. गंगाबाईंच्या कोनाड्याचा अर्थ मी साहेबांना सांगितला. त्यांचा चेहरा उतरला.

"मला? मला त्या कपात दिला?"

खिशातून पेन निघालं. गंगाबाईंच्या नावावर काट बसली आणि तिथे कौसाबाईंचं नाव आलं. मुक्काम मी त्यांच्याच खोलीत केला. थंडी कडक असते, घोंगडी न्या.

कौसाबाईंची खोली यादीत आली याचा आनंद मला आजही आहे. परत आल्यावर तो आनंद मी मोठ्या उत्साहाने वडिलांना सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी उभा जल्म त्याच कपात पिलो," ते म्हणाले. "कुनाचं पेन निघालं न्हाई."