बाटलीच्या तळाची दोन बोटं

लॅबकाकांबद्दल सांगायचं तर आधी माझी लबाडी सांगावी लागते. तिला वळसा घालून काका सांगताच येत नाहीत, मी पुष्कळदा प्रयत्न करून पाहिला आहे.

काका आमच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होते. बाटल्या भरायच्या, नळ्या धुवायच्या, फुटक्या काचा वेचायच्या आणि उरलेला वेळ आमच्यावर खेकसायचं. "अगं, काच आहे ती, लाटणं नाही!" हे रोज एकदा तरी. मान कायम डावीकडे कललेली, कारण उजव्या डोळ्याने त्यांना धड दिसत नव्हतं. चष्म्याचं नाव काढलं की अंगावर यायचे. "माझ्या हातांना दिसतं. तुम्ही तुमचं बघा."

त्यांची एक खोड होती. परीक्षेला दिलेली बाटली ते कधी पूर्ण रिकामी होऊ द्यायचे नाहीत. तळाशी दोन बोटं द्रावण राखायचं, बूच घट्ट लावायचं, कपाटात ठेवायचं आणि निकालानंतर महिन्याभराने मोरीत ओतायचं. आम्ही चिडवायचो, "काका, म्हातारपणाची तरतूद का?" ते म्हणायचे, "उद्या कुणी विचारलं तर दाखवायला नको?" एकतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी विज्ञान स्पर्धेच्या संघासाठी लेखी परीक्षेतून आम्ही चौघं निवडले गेलो. जायचं होतं तिघांनी. दोघे जुळे भाऊ, मी, आणि एक मुलगी, जिला आम्ही मांजर म्हणायचो, कारण ती मागे येऊन उभी राहिली तरी पत्ता लागत नसे. मला त्या संघात जायचंच होतं. तीन वर्षांपूर्वी माझा दादा याच संघातून स्पर्धेला गेला होता. त्याचा फोटो शाळेच्या जिन्यात लटकत होता आणि घरात त्याचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते. लेखीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी आईने शेजारपाजारी सांगून टाकलं, "आता धाकटीपण." अजून कशाचा कशाला पत्ता नव्हता!

चौघांतून तीन निवडायला सरांनी एक प्रयोग दिला. सोपाच. उभ्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब खालच्या फ्लास्कमधल्या अ‍ॅसिडमध्ये सोडायचं. फ्लास्क गुलाबी झाला की तोटी बंद करायची आणि किती गेलं तो आकडा वाचायचा. तीनदा करायचं, आकडे लिहायचे.

माझा आकडा आला तेरा पॉइंट सहा. दुसऱ्यांदाही तेरा पॉइंट सहा. छान चाललं होतं. मग मी डिस्टिल्ड पाणी आणायला आतल्या खोलीत गेले आणि तिथे सरांची वही उघडी होती. "अपेक्षित: १२.४."

म्हणजे मी चुकले! परत करायला वेळ नव्हता, धीर तर अजिबात नव्हता. जागेवर आले आणि लिहिलं: १२.४, १२.४, १२.५. तो शेवटचा पाच बघा. खरं वाटावं म्हणून घातला होता. पंधराव्या वर्षी इतकी अक्कल कुठून आली, देव जाणे. शेजारी जुळे घामाघूम झाले होते, त्यांचे आकडे तेराच्या आसपास, पण दर वेळी वेगळे येत होते. मी कागद थोडा त्यांच्याकडे सरकवला. दोघांनीही निमूटपणे उतरवलं.

मांजर दुसऱ्या टेबलावर होती. तिने तीनदा केलं आणि तीनदा तेरा पॉइंट सहा लिहिलं. ती बाद झाली.

पुढचे पाच दिवस आमची तयारी चालली. शाळा सुटली की दोन तास लॅबमध्ये. सर शिकवायचे, जुळे भांडायचे आणि मी खोटी खोटी हुशार व्हायचे. आईने स्पर्धेसाठी नवे बूट आणले. ते पायात घालून बघताना मला रडू आलं आणि आईला वाटलं, आनंदाने.

शुक्रवारी मी लॅबच्या दाराशी आले तर आतून मांजरीचा आवाज. ती काकांना विचारत होती, "काका, माझं नाव घाला असं नाही म्हणत मी. फक्त कुठे चुकलं ते सांगाल का? हात चुकला की डोळा?"

कपाट उघडल्याचा आवाज आला. मी उलट्या पावली घरी गेले आणि डोकं दुखतंय म्हणून जेवले नाही.

शनिवारी संघाची नावं पाठवायची होती. सरांनी फॉर्म टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं. आम्ही तिघं समोर उभे. तेवढ्यात काका आले, हातात ती बाटली. मागे मांजर.

"साहेब, सही पाच मिनिटं थांबवा," काका म्हणाले. "त्या दिवशीच्या सोड्यातलं एका वेळेपुरतं उरलंय. परत करून बघू."

सर हसले. "काका, तिघांचं एक उत्तर आणि एकीचं वेगळं. आता आणखी काय बघायचं?"

"काल हिने आणि मी केलं. पण माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही. तुमच्या संघातल्या कुणीतरी करावं." मान कलती करून त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं. "तू ये गं."

मलाच का? सरांची वही उघडी होती हे त्यांना ठाऊक होतं का? ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी कधी विचारलंही नाही, हिंमतच झाली नाही.

मी ब्युरेट भरली. तोटी फिरवायला दोन्ही हात लावले. सर माझ्या डाव्या खांद्याशी, काका उजव्या. दहा झाले. अकरा. बारा. मी मनातल्या मनात त्या फ्लास्कच्या पाया पडत होते, हो रे बाबा, हो गुलाबी. बारा पॉइंट चार आलं आणि मी तोटी बंद केली.

फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ होता. काही म्हणजे काही झालं नव्हतं.

"थांबलीस का?" सरांनी विचारलं.

जुळ्यांपैकी एकाने खाली बघितलेलं मला दिसलं. मी तोटी परत उघडली. एक थेंब, एक थेंब. तेरा. तेरा पॉइंट दोन. तेरा पॉइंट सहाला फ्लास्क गुलाबी झाला आणि तसाच राहिला.

सर काही बोलायच्या आत काकाच बोलले. "चूक माझी आहे साहेब. सोड्याच्या डब्याचं झाकण तडकलंय, सोडा ओला झालाय. मला ते दिसलं नाही. वजन भरलं, पण त्यात पाणीच जास्त. द्रावण कमी जोराचं झालं, म्हणून जास्त लागलं. लेबलं मी आदल्या दिवशी लिहून ठेवतो, तपासायचं राहिलं. एकतीस वर्षांत पहिली बाटली चुकली. जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

सर हळूच म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी बारा पॉइंट चार कुणालाच येणं शक्य नव्हतं."

"नव्हतं."

"मग या तिघांना कसं आलं?"

मला पळून जावंसं वाटलं. खरं सांगते, काकांचा मला तेव्हा भयंकर राग आला. एवढं सगळं अंगावर घेतलंत, तर हेही घ्यायचं होतं! पण ते गप्प. मान तिरकी. आणि मांजर माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसती बघत होती. तेच सहन झालं नाही.

"मी तुमची वही बघितली होती सर," मी म्हणाले. "यांना मीच दाखवलं."

सरांनी फॉर्म दोन दिवस थांबवला आणि त्यावर मांजरीचं नाव पहिलं लागलं. जुळ्यांनी सोमवारी सरांसमोर पुन्हा सगळं केलं आणि कसेबसे संघात राहिले. मी बाहेर. काकांना मुख्याध्यापकांचं पत्र आलं. निवृत्तीला आठ महिने असताना त्यांच्या कागदांत पहिला शेरा पडला. घरी काय झालं ते विचारूच नका. आई ओरडली असती तर परवडलं असतं. तिने बूट मुकाट्याने खोक्यात ठेवले.

आठवडाभर मी लॅबच्या वाटेलाही गेले नाही. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत काकांनी जिन्यात, दादाच्या फोटोखालीच, मला गाठलं.

"संघाच्या तयारीला रोज चार बाटल्या लागतात," ते म्हणाले. "आता प्रत्येक तपासूनच द्यायची. मला रेघा दिसत नाहीत."

"दुसरं कुणी नाही का?" मी म्हणाले. मान वर करवत नव्हती.

"आहेत की. छप्पन्न आहेत. चल."

लॅबमध्ये त्यांनी ब्युरेट लावली, स्टुलावर बसले आणि वहीचं कोरं पान काढून पेन टेकवून थांबले. फ्लास्क गुलाबी झाला. मी तोटी बंद केली.

"वाच," काका म्हणाले. "तू सांगशील ते मी लिहितो."

मी गुडघे वाकवून डोळा रेघेच्या बरोबर समोर आणला. एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. काका पेन टेकवून बसले होते, घाई करत नव्हते. मग मी आकडा सांगितला आणि त्यांनी तो न तपासता लिहिला.