चारही खाचा भरलेल्या

ताईच्या कॉम्प्युटरसाठी घेतलेल्या चार रॅमपैकी दोन माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहेत. आतल्या कप्प्यात, त्यांच्या मूळ खोक्यात. जेवणाचा डबा काढताना हाताला लागतात. दुकानदाराने त्या परत घेतल्या नाहीत आणि कुणाला देऊन टाकायला मला अजून जमलेलं नाही.

ताई माझ्यापेक्षा मोठी. बदलापूर गावातल्या आमच्या घरात ती आणि आई राहतात; मी लग्नानंतर अंबरनाथला आलो. वडील एमआयडीसीत हेल्पर होते. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा घरात एकाचंच कॉलेज होईल असं ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत ताईही होती. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. ती उल्हासनगरला जीन्स शिवायला जाऊ लागली आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. हे घरात कुणी कधी लपवलं नाही, कुणी कधी बोलूनही दाखवलं नाही. आई तर पाहुण्यांना सांगते, "आमच्या पोरीने पोराला इंजिनीयर केला." आई कौतुकाने सांगते. मी मात्र तेवढ्यापुरता उठून पाणी प्यायला आत जातो.

ताईचं लग्न झालं, टिकलं नाही, ती परत आली. मग उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमध्ये मॉड्युलर किचनच्या एका शोरूममध्ये लागली. गिऱ्हाइकाला लॅमिनेटचे नमुने दाखवणं हे तिचं काम. तिथे किचनची चित्रं कॉम्प्युटरवर काढणारा एक डिझायनर होता. तो जेवायला गेला की ताई त्याच्या मागे राहिलेल्या स्क्रीनकडे बघत बसायची. पुढे त्याच्याच परवानगीने माउस हातात घेऊ लागली. ओटा किती उंच हवा, सिलिंडरची ट्रॉली कुठे बसते, हे तिला माहीतच होतं. बाकीचं ती शिकली.

पावसाळ्याच्या शेवटी तो डिझायनर दुबईला गेला. शोरूमचे सिंधी शेठ ताईला म्हणाले, "देखो दीदी, अपनी एक बड़ी पार्टी है, संडे को आएगी. तीन किचन बनाके दिखाओ, वो घूमनेवाला वीडियो के साथ. पार्टी खुश, तो ये कुर्सी तुम्हारी. नहीं तो मैं कल्याण से कोई लड़का बुलाता हूँ, फिर मेरे को बोलना नहीं."

शोरूमच्या मशीनवर आता बिलिंग चालायचं. म्हणजे काम घरी करावं लागणार. घरी माझा जुना लॅपटॉप होता. त्यावर किचनमधून फिरणारा व्हिडिओ करायला घेतला की पंखा किंचाळायचा आणि चित्र जागचं हलायचं नाही.

मी म्हणालो, "ताई, तुला नवीन मशीन बांधून देतो."

"बांधून? घर आहे का ते?"

"सुटे भाग आणायचे आणि जोडायचे. मीच करणार."

"तू करणार म्हणजे चांगलंच होणार," ती म्हणाली. आमच्या घरात माझ्या कामाबद्दल असंच बोलतात. चांगलं झालं की शिक्षणामुळे झालं, आणि बिघडलं की दुसऱ्या कुणाचा तरी हात लागला.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका दुकानातून मी सगळं घेतलं. रॅम निवडताना मात्र माझा हात आवरला नाही. ताईला मी नंतर समजावलं होतं तसंच इथे सांगतो: कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे ओटा. काम करताना जे जे लागतं ते ओट्यावर काढून ठेवायचं. ओटा मोठा हवा आणि वस्तू हाताशी यायलाही वेग हवा. मी सर्वांत वेगवान म्हणता येईल अशी जोडी निवडली. दोन पट्ट्या. ताईच्या कामाला तेवढ्या पुरल्या असत्या, मला माहीत होतं. पण मदरबोर्डवर रॅमच्या खाचा चार होत्या.

आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर आई चमचाभर साखर घालते, पण रिकामा देत नाही. ताईला आयुष्यात पहिल्यांदा काही देत होतो, आणि त्यात दोन खाचा रिकाम्या दिसणार हे मला बघवेना. मी तीच जोडी आणखी एकदा मागितली.

"चारों भर दूँ?" दुकानदार हसला. "किसको दे रहे हो? जमाई को?"

"बहन को."

"फिर तो लाइटवाला ले जाओ, भाई."

लाइटवाल्याच घेतल्या. घरी आणून जोडल्या, बटण दाबताच पट्ट्यांवरचे रंगीत दिवे लागले तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "अगो बाय, दिवाळी आली का काय?"

पण बराच वेळ स्क्रीन काळाच. आईने बटणाकडे हात नेला. "जळतंय वाटतं. बंद करू का?"

"राहू दे आई. नवीन रॅम आहे, ती आधी स्वतःला जुळवून घेते. वेळ लागतो."

"नव्या सुनेसारखं," आई म्हणाली आणि मोरी घासायला निघून गेली.

मशीन सुरू झालं. अशा रॅम खोक्यावर लिहिलेल्या वेगाने आपोआप चालत नाहीत. आतल्या सेटिंगमध्ये जाऊन तो वेग चालू करावा लागतो. मी केला. परत काळा स्क्रीन, परत वाट बघणं, मग सुरू. ताईने खुर्चीवर बसण्याआधी कीबोर्डला हात लावून नमस्कार केला. मला बघवलं नाही, मी पेचकस गोळा करत राहिलो.

पहिलं किचन झालं. एल आकाराचं, खिडकीखाली सिंक. व्हिडिओ करायला लावला आणि फिरत फिरत चिमणीपर्यंत पोहोचला. तिथे स्क्रीन निळा पडला आणि मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं. मी ऑफिसात होतो. फोनवर ताईचा आवाज अगदी बारीक झालेला.

"माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं रे."

"तुझ्याकडून काही झालेलं नाही, ताई. मशीनचा घोटाळा आहे."

"नाही, मी ना, मध्येच त्या दरवाजांचा रंग बदलला. तेव्हाच झालं."

"रंग बदलल्याने असं होत नाही. माझंच काहीतरी राहिलंय."

"तुझं कसं राहील?" ती म्हणाली. माझ्या हातून चूक होईल यावर तिचा विश्वासच बसेना.

संध्याकाळी जाऊन बघितलं. दुसऱ्या किचनची फाइलही उघडेना. निळ्या स्क्रीनच्या वेळी ती सेव्ह होत होती. ताईने दिवसभर मोजमापं टाकून केलेलं काम गेलं. मी दुसऱ्या दिवसापासून रजा टाकली.

रविवार जवळ आला होता आणि ज्या खुर्चीवर ताईने बसायला हवं होतं तिच्यावर मी बसलो होतो. पेनड्राइव्हवरून रॅम तपासायचा प्रोग्राम चालवला. थोड्या वेळाने लाल ओळी येऊ लागल्या. म्हणजे दोष रॅममध्ये. चारही काढल्या, सोनेरी टोकं स्वच्छ पुसली, परत दाबून बसवल्या. लाल ओळी. मग एकेक लावून तपासली. पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसरी, चौथी, सगळ्या ठीक. चारही एकत्र लावल्या की लाल ओळी.

हे तपासणं म्हणजे नुसतं बघत बसणं असतं. ताई मेजरिंग टेप आणि कागद घेऊन बाजेवर बसून होती. मध्येच उठून चहा करायची. चहा माझ्यापुढे ठेवताना विचारायची, "झालं का?" आणि मी "होतंय" म्हणायचो. शिवणकामाच्या दिवसांत ती संध्याकाळी उल्हासनगरहून घरी यायची तेव्हा मी याच कोपऱ्यात अभ्यासाला बसलेला असायचो, आणि ती असाच चहा ठेवून असंच विचारायची, "झालं का?"

मदरबोर्डच्या पुस्तिकेत मागच्या पानावर एक तक्ता होता. दोन रॅम लावल्या तर वेग किती, चार लावल्या तर किती. चारच्या रकान्यातला आकडा बराच खाली होता. पानावर स्वच्छ छापलेलं होतं. भाग घेताना मी ते पान उघडलंच नव्हतं. इतक्या वेगात चार पट्ट्या सांभाळणं प्रोसेसरला जड जातं, एवढाच त्याचा अर्थ. पट्ट्यांत खोट नव्हती.

तेव्हाच दोन काढल्या असत्या तर काम संपलं असतं. मी काढल्या नाहीत. हे लिहिताना मला सर्वांत जास्त तेच टोचतं. पान वाचायचं राहून गेलं, ती चूक झाली. पण वाचल्यावरही मी व्होल्टेज थोडं वाढव, वेग एक पायरी कमी कर, परत तपास, असं करत राहिलो. दर वेळी काळा स्क्रीन, वाट बघणं, मग हिरवं, मग खूप वेळाने एक लाल ओळ. वेग खूपच उतरवला तेव्हा चारही नीट चालल्या, पण मग एवढ्या महागाच्या रॅमचा उपयोग काय, असं वाटून ते सेटिंगही मी पुसून टाकलं. मला चारही खाचा भरलेल्या हव्या होत्या, आणि पूर्ण वेगाने. शनिवारची सकाळ झाली.

आई भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं, "नक्की झालंय काय त्याला?"

"चारही चांगल्या आहेत, आई. एकेकटी नीट चालते. एकत्र चालत नाहीत."

"मग त्यात काय एवढं? चार जावा एका चुलीवर कधी नांदल्यात का?"

ताई हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "मला किती लागतात रे?"

"कामाला? दोन पुरतात."

"आणि दोन असल्या तर बंद पडणार नाही?"

"नाही पडणार."

"मग बाकीच्या दोन कुणासाठी आहेत?"

ती चिडून बोलली नव्हती. शोरूममध्ये गिऱ्हाईक उगाच जादा ट्रॉल्या मागायला लागलं की ती याच आवाजात विचारत असणार. मी मशीन बंद केलं, वायर काढली आणि चार पट्ट्यांपैकी दोन सोडवल्या. उरलेल्या दोन, पुस्तिकेत सांगितलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. वेग पूर्ण. तपासणीत एकही लाल ओळ नाही. दोन खाचा रिकाम्या दिसत होत्या. ताईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्या उठण्याची वाट बघत होती.

त्या एका दिवसात तिने पहिल्याचा व्हिडिओ पूर्ण केला, दुसरं किचन व्हिडिओसकट पुन्हा केलं, तिसरंही काढलं. पण तिसऱ्याचा व्हिडिओ होईल एवढा वेळ उरला नाही. नुसती चित्रं झाली.

रविवारी मी तिच्यासोबत उल्हासनगरला गेलो. पार्टी म्हणजे एक नवरा-बायको आणि त्यांची बोलकी आत्या. आत्याबाईंनी स्क्रीनवरच पहिल्या किचनमधून दोनदा चक्कर मारली, दुसऱ्याच्या ट्रॉल्या मोजल्या. तिसरं आलं तेव्हा शेठ म्हणाले, "इसका वीडियो किधर है?"

मी तोंड उघडणार तोच ताई म्हणाली, "मशीन खराब हुई थी, शेठ. दो दिन बंद थी."

"मशीन मैंने ही बिगाड़ी थी," मी म्हणालो. "इनका काम तो तैयार था."

शेठनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आप कौन?"

"भाई है मेरा," ताई म्हणाली. "इंजीनियर है." तेव्हाही तिच्या आवाजात अभिमान होता, आणि मला जमिनीकडे बघावंसं वाटलं.

पार्टीने दुसरं किचन घेतलं. ती मंडळी गेल्यावर शेठ ताईला म्हणाले, "काम अच्छा है, दीदी. पर तीन बोला था, ढाई आया. अभी कुर्सी पे बैठो, दिवाली तक देखते हैं. फिर पक्का करेंगे."

तिसरा व्हिडिओ असता तर त्याच दिवशी पक्कं झालं असतं, असं मला वाटतं. ताई म्हणते की शेठ कुणालाच एका दिवसात पक्कं करत नाहीत. ती हे माझ्यासाठी म्हणते की खरंच तसं आहे, मला कळत नाही, आणि तिला खोदून विचारायचा धीर होत नाही.

आता ती दिवसभर शोरूममधल्या खुर्चीवर बसते आणि संध्याकाळी घरी उरलेलं करते. गेल्या रविवारी मी बदलापूरला गेलो तेव्हा बॅगेत त्या दोन रॅम होत्याच. मदरबोर्डसाठी नवीन अपडेट आलं होतं. त्यात चार रॅम जास्त वेगाने चालतील असं लिहिलं होतं. ताई ओट्याशी भाजी चिरत होती. मी हळूच खुर्चीवर बसलो आणि पेनड्राइव्ह काढला.

"काय करतोस?" तिने मान न वळवता विचारलं.

"काही नाही. एक छोटंसं अपडेट आहे. झालं तर त्या दोनही..."

"ए," ती म्हणाली. इतके दिवस ती कॉम्प्युटरला 'तू दिलेलं मशीन' म्हणायची. हातातली सुरी तशीच धरून ती वळली. "माझ्या मशीनला हात लावू नकोस. दिवाळीपर्यंत तर नाहीच नाही."

"बरं."

"ऊठ तिथून. पानं घे."

मी पेनड्राइव्ह बॅगेत टाकला आणि ताटं मांडायला उठलो.