पत्राची पहिली ओळ

मेधाताईंनी माझ्या बापाच्या पत्रावर पेन्सिल चालवली. माझ्यासमोर. पहिल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे बघ, एवढं वरचं काढू या. उगाच राजकारण नको. आपला घरगुती कार्यक्रम आहे."

वरचं म्हणजे 'सप्रेम जयभीम'.

जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला चर्चचा हॉल भाड्याने घेऊन आमच्या मराठी मंडळाने पत्रवाचन ठेवलं होतं. घरात जपलेलं जुनं पत्र आणायचं, मेधाताई वाचणार. त्या मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या आजोबांची चाळीसेक पत्रं टेबलावर मांडलेली, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. माझी मुलगी हात लावायला गेली तर म्हणाल्या, "बाळा, लांबूनच बघ हं."

मी जळत होते. कशाला लपवू? ज्यांच्या घरात कागद असतात त्यांच्यावर मी लहानपणापासून जळत आलेय. कुणाकडे पणजोबांची रोजनिशी, कुणाकडे आजीच्या वह्या. माझ्याकडे एक अंतर्देशीय पत्र. आईने ते तांदळाच्या डब्यात जपलं, म्हणून अजून त्याला पिठूळ वास येतो.

बाप फौजेत होता. श्रीलंकेत यादवी पेटली, आपली शांतिसेना गेली, त्यात तोही गेला. जाफन्याहून हे एकच पत्र आलं. मग तार आली. आईला वाचता येत नव्हतं. मी दुसरीत. अक्षर लावून लावून मीच तिला वाचून दाखवायचे. पहिली ओळ झाली की आई हात जोडून "जयभीम" म्हणायची, तेव्हा कुठे मी पुढे जायचे. हे कितीतरी वर्षं चाललं.

आणि त्या ओळीवर आता पेन्सिल.

मी टेबलाकडे पाहिलं. आजोबांच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'श्री'.

"तुमच्या पत्रांवरचं 'श्री'पण काढायचं का?"

"अगं, ते वेगळं असतं."

नोकरीत पंधरा वर्षं मी अशा वेळी हसले आहे. त्या दिवशीही तोंड हसायला निघालं होतं. मी ते मिटलं. त्यांच्या हातातून पत्र घेतलं आणि माइकपाशी गेले.

"सप्रेम जयभीम," मी वाचलं आणि थांबले. सवयच तशी.  एकाने खुर्ची सरकवली. मेधाताई पाकिटं नीट लावू लागल्या. मग मीच "जयभीम" म्हटलं आणि पुढे गेले.

"मी इथं खुशाल आहे. इथं एकाच मुलखातली माणसं एकमेकांच्या जिवावर उठलीत. आम्ही मधी उभे आहोत. गोळी कुणीकडून येती कळत नाही. पोरीची शाळा बंद करू नको. ती वाचंल तेच मी बोललो असं समज."

टाळ्या पडल्या. आजोबांना पडल्या त्याहून कमी. मी मोजून घेतल्या, माझा स्वभावच तसा.

घरी आल्यावर मुलीने दप्तरातलं खोडरबर आणलं. "मामा, रादियरगुमी?" आईला मामा, खोडरबरला रादियरगुमी, तिचं सगळं जर्मन.

"नको," मी म्हटलं. "ही रेघ राहणार. कुणी मारली ते मी तुला सांगणार, आणि तू पुढे सांगायचं."

पुढच्या वर्षी मंडळ मला बोलावणार नाही. मी जाणार आहे. त्या चाळीस पत्रांवर मी अजून जळते. ते जळणं मी विझू देणार नाही. पहिली ओळ मीच वाचणार, आणि उत्तर येईपर्यंत थांबणार.